धर्मानंद कोसंबी : आधीच्या भाषेला धरून पुढची भाषा

९ ऑक्टोबर हा आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा जन्मदिवस. पाली भाषेचे पंडित आणि ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाचे कर्ते म्हणून त्यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. पण पुण्याहून काशीला संस्कृत शिकायला निघालेले तरुण कोसंबी वाटेत उज्जैनला आले होते, ही गोष्ट आपल्या गावातही फारशी कोणी सांगत नाही. ही १९००च्या आसपासची हकिकत. वय तेवीस, हाताशी पैसा नाही, कुठल्याही परीक्षेचे प्रमाणपत्र नाही. पुढच्या तीस वर्षांत हाच माणूस हार्वर्डला पाली ग्रंथाचे संपादन करत होता आणि लेनिनग्राडला पाली शिकवत होता.

त्यांचे चरित्र आज सांगण्याला आणखी एक कारण आहे. संध्याकाळी टावर चौकात आपली मंडळी भेटली की हल्ली एक विषय हमखास निघतो. कोणाची मुलगी जर्मन शिकते आहे, कोणाच्या मुलाला नोकरीसाठी जपानी हवी आहे, आणि सगळ्यांना ती लवकर यायला हवी आहे. महिनाभरात भाषा, स्मरणशक्तीच्या युक्त्या, शब्द लक्षात ठेवण्याची चित्रे अशा जाहिराती मोबाइलवर रोज दिसतात. या युक्त्या खोट्या नाहीत. त्यांतल्या बऱ्याचशा आपल्याकडे फार जुन्या आहेत, आणि कोसंबी ज्या परंपरांत शिकले त्या परंपरा त्यांच्यावरच उभ्या होत्या. त्या युक्त्या कशाच्या आधाराने चालतात, हे त्यांच्या आयुष्यातून चांगले कळते.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातल्या सांखवाळ या गावी झाला. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राज्य होते. घरची भाषा कोकणी. मराठी ही त्यांना शाळेतून आणि पुस्तकांतून मिळालेली भाषा, म्हणजे एका अर्थी त्यांनी शिकलेली पहिली दुसरी भाषा. शिक्षण थोडेच झाले आणि मग घरचे नारळाचे कुळागर सांभाळण्याचे काम गळ्यात पडले. १८९१ साली बाळाबाईंशी लग्न झाले. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले आणि बुद्धाची शिकवण मुळातून समजून घ्यायची, हा ध्यास त्यांनी घेतला. एका मुलांच्या मासिकातल्या लेखाने एवढे घडावे, हे आपल्यासारख्या अंक काढणाऱ्या मंडळांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मुळातून समजून घ्यायचे तर पाली यायला हवी होती. पालीसाठी आधी संस्कृत हवे होते, आणि गोव्याच्या कुळागरात दोन्ही नव्हते. वडील वारल्यानंतर, १८९९च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी होती आणि मुलगी माणिक अगदी तान्ही होती. पुण्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांशी त्यांची भेट झाली, थोडे संस्कृत सुरू झाले, पण पुरे पडेना. मग उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर, प्रयाग अशी मजल दरमजल करत ते काशीला पोहोचले. उज्जैन आणि ग्वाल्हेर शिंद्यांच्या राज्यात, इंदूर होळकरांच्या. या वाटेवर गावोगाव मराठी घरे होती, आणि तीच आपल्या पूर्वजांची घरे. मराठी बोलणाऱ्या वाटसरूला माळव्यात परके वाटू नये, असा तो काळ होता.

काशीत ते अन्नछत्रात जेवत आणि गंगाधरशास्त्री व नागेश्वरपंत धर्माधिकारी यांच्याकडे संस्कृत शिकत. खाण्याचे हाल झाले, आजारपणे झाली, तरी ते टिकून राहिले. तिथल्या संस्कृत शिक्षणाची पद्धत अशी की आधी पाठांतर, अर्थ मागाहून. आज आपण या पद्धतीला नाके मुरडतो. पण पाणिनीचे व्याकरण पाहिले तर ते मुळातच लक्षात राहावे म्हणून रचलेले दिसते. सुमारे चार हजार सूत्रे, आणि एकेक सूत्र दोन-चार शब्दांचे. सुरुवातीला चौदा माहेश्वर सूत्रांत सगळे वर्ण एका विशिष्ट क्रमाने मांडलेले आहेत. त्यातला पहिला वर्ण आणि शेवटची खूण घेतली की मधले सगळे वर्ण एका अक्षरात मावतात. ‘अच्’ म्हटले की सारे स्वर आले, ‘हल्’ म्हटले की सारी व्यंजने आली. लांबलचक यादीला छोटे नाव द्यायचे आणि ते नाव लक्षात ठेवायचे, ही आजच्या स्मरणवर्गांतली युक्ती पाणिनीने अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास व्याकरणभर वापरली आहे.

शब्दसंग्रहासाठी अमरकोश होता. तो कोश अकारविल्हे नाही. देव, आकाश, पाणी, नगर, झाडे असे विषयांचे वर्ग पाडून समानार्थी शब्द श्लोकांत गुंफले आहेत. एक शब्द आठवला की छंद पुढचा शब्द ओढून आणतो. हा कोश रचणारा अमरसिंह विक्रमादित्याच्या नवरत्नांपैकी एक, असे आपली परंपरा मानते. म्हणजे शब्द पाठ करण्याचे ते जुने साधन उज्जैनच्याच नावाशी जोडलेले आहे. आपल्या आजी-आजोबांनी तिन्हीसांजेला परवचा म्हटला, पाढे म्हटले, ते याच जातीचे शिक्षण होते.

१९०२ साली कोसंबी नेपाळला गेले. तिथे बौद्ध धर्माचा अभ्यास होईल ही आशा होती, ती फोल ठरली. मग कोलकात्याला येऊन, महाबोधी सभेच्या लोकांच्या मदतीने आगबोट पकडून ते श्रीलंकेला पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महाथेर यांच्या हाताखाली त्यांचा पालीचा अभ्यास सुरू झाला आणि त्याच वर्षी त्यांनी भिक्षूची दीक्षा घेतली.

इथे आपल्या दृष्टीने सर्वांत मनोरंजक भाग येतो. पालीला स्वतःची लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत, सयामात तिथल्या लिपीत. त्यामुळे पाली वाचायची तर आधी गोल गोल वळणाची अनोळखी अक्षरे शिकावी लागतात. पण या सगळ्या लिप्या ब्राह्मीच्या वंशातल्या आहेत. अक्षराचा आकार वेगळा असला तरी क, ख, ग, घ, ङ हा क्रम तोच. ज्याला आपली वर्णमाला तोंडपाठ आहे त्याच्या मनात रिकामे कोनाडे आधीच तयार असतात, आणि एकेका कोनाड्यात नवा आकार नेऊन ठेवायचा एवढेच काम उरते. ज्याला ती वर्णमाला ठाऊक नाही, त्याला ती सगळी वळणे सुटी सुटी घोकावी लागतात.

शब्दांचेही तसेच. संस्कृत ‘हस्त’, पाली ‘हत्थ’, मराठी ‘हात’. ‘कर्ण’, ‘कण्ण’, ‘कान’. ‘सर्प’, ‘सप्प’, ‘साप’. ‘दुग्ध’, ‘दुद्ध’, ‘दूध’. ‘सप्त’, ‘सत्त’, ‘सात’. ‘भक्त’ म्हणजे शिजवलेले अन्न, त्याचे पालीत ‘भत्त’ आणि आपल्या ताटात ‘भात’. संस्कृतातले जोडाक्षर पालीत एकाच व्यंजनाच्या द्वित्वात मिसळते. मराठीत ते द्वित्व सुटते आणि आधीचा स्वर लांब होतो. हा एक नियम ध्यानात आला की शेकडो शब्द न घोकता ओळखीचे होतात. कोकणी-मराठी बोलणाऱ्या आणि संस्कृत शिकलेल्या माणसाला पाली दोन्ही बाजूंनी जवळची होती. काशीतली अन्नछत्रातली वर्षे वाया गेली नव्हती. त्या वर्षांनी पुढच्या भाषेसाठी भिंतीत खुंट्या मारून ठेवल्या होत्या.

पालीचे आणि उज्जैनचे नातेही इथेच सांगायला हवे. महावंसाच्या परंपरेनुसार अशोक उज्जयिनीला राज्यपाल असताना विदिशेच्या देवीपासून त्याला महेंद्र हा मुलगा झाला, आणि त्याच महेंद्राने पुढे श्रीलंकेत बुद्धाचा धर्म नेला. यावरून एकोणिसाव्या शतकातल्या काही युरोपीय पंडितांनी पाली ही मुळात उज्जयिनीची बोली असावी, असे मत मांडले होते. आजचे अभ्यासक ते जसेच्या तसे मानत नाहीत, तरी पालीचा पश्चिम भारतातल्या बोलींशी जवळचा संबंध मानतात. बुद्धाचा शिष्य महाकात्यायन हाही अवंतीचाच. तेव्हा उज्जैनवरून गेलेला हा मराठी तरुण समुद्र ओलांडून जी भाषा शिकत होता, ती दोन हजार वर्षांपूर्वी काही अंशी याच वाटेने तिकडे गेली होती.

पाली ग्रंथ स्वतःही पाठांतरातून टिकलेले आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत ते लिहिले गेले. तोपर्यंत भाणक नावाचे भिक्षू ते तोंडपाठ ठेवत आणि एकेका गटाने एकेक भाग वाटून घेतलेला असे. ग्रंथांच्या रचनेत त्याच्या खुणा जागोजाग दिसतात. एका वर्गातली सुत्ते संपली की शेवटी त्यांची नावे गुंफलेला छोटा श्लोक येतो, त्याला उद्दान म्हणतात. अंगुत्तरनिकायात विषयांची मांडणी आकड्यांवर आहे : एकेकाच्या गोष्टी आधी, मग दोन-दोनच्या, असे करत अकरापर्यंत.

कोसंबींनी पुढे आयुष्यातली अनेक वर्षे ज्या एका ग्रंथाला दिली, त्या ‘विसुद्धिमग्ग’मध्ये तर पाठ कसे करावे याचेच मार्गदर्शन आहे. हा ग्रंथ बुद्धघोषाने पाचव्या शतकात श्रीलंकेत रचला. शरीराच्या बत्तीस भागांचे चिंतन शिकवताना तो ते एकदम पाठ करायला सांगत नाही. त्याने पाच-पाचचे चार गट आणि सहा-सहाचे दोन गट पाडले आहेत. पहिला गट केस, लोम, नख, दन्त, तच. आपल्या भाषेत केस, लव, नखे, दात आणि त्वचा. हा गट आधी मोठ्याने म्हणायचा, सुलट म्हणायचा, उलट म्हणायचा, आणि मगच पुढच्या गटाकडे वळायचे. ज्याला सारे त्रिपिटक मुखोद्गत आहे त्यानेही आधी तोंडाने म्हणावे, असा त्याचा आग्रह आहे, कारण तोंडाने म्हटलेले पुढे मनात म्हणायला सोपे जाते.

वेगाबद्दलही बुद्धघोषाने सांगून ठेवले आहे. फार सावकाश म्हटले तर काम तडीस जात नाही, आणि फार घाईने म्हटले तर मनात ठसत नाही. लांबच्या वाटेवर शंभर वेळा घाईघाईने ये-जा करणाऱ्याने खुणा पाहिलेल्याच नसतात. तो पोहोचतो, पण पुढच्या वेळी पुन्हा कोणाला तरी वाट विचारावी लागते, अशा अर्थाचा दृष्टांत तो देतो. महिनाभरात भाषा शिकून दुसऱ्या महिन्यात ती विसरणाऱ्यांचे याहून चांगले वर्णन आम्हाला सापडलेले नाही.

श्रीलंकेनंतर कोसंबी ब्रह्मदेशात गेले आणि तिथल्या परंपरेतल्या पाली ग्रंथांचा अभ्यास केला. भारतात बुद्धाच्या आयुष्याशी निगडित स्थळी हिंडले. १९०६ साली ते कोलकात्याला आले, पाली शिकवू लागले आणि भिक्षूची वस्त्रे ठेवून पुन्हा घराकडे वळले. ही सात वर्षे बाळाबाईंनी कशी काढली असतील, याचा विचार केल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. नवरा जिवंत आहे पण कुठल्या देशात आहे हे सांगता येत नाही, पदरी लहान मुलगी, आणि गावाची जीभ. एका माणसाच्या विद्येची किंमत दुसऱ्या माणसाने मोजली. कोसंबींना आम्ही थोर मानतो, आणि म्हणूनच ही बाजू झाकून ठेवावीशी वाटत नाही. १९०७ साली त्यांना मुलगा झाला. तोच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झालेला दामोदर. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती त्याने तयार केली. ज्या भर्तृहरीची गुहा आपण पाहुण्यांना आवर्जून दाखवतो, तोच हा भर्तृहरी.

कोलकात्याला कोसंबींना महिना अडीचशे रुपये मिळू शकत होते. ते सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले महिना पन्नास रुपये घेतले. अट एवढीच की महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहावे आणि वर्षाकाठी बडोद्यासाठी एक पुस्तक लिहावे. जे शिकायला आपल्याला समुद्र ओलांडावा लागला, ते आपल्या लोकांना घरबसल्या मिळावे, ही त्यांची इच्छा या निवडीत दिसते.

१९१० साली ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. हेन्री क्लार्क वॉरन या अभ्यासकाने ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनाचे काम हाती घेतले होते, पण १८९९ साली तो वारला. ते अपुरे काम चार्ल्स लॅनमन यांच्याबरोबर पुढे न्यायला कोसंबींना बोलावले होते. ज्यांनी इंग्रजी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, ते आता इंग्रजीतून अमेरिकन प्राध्यापकांशी पाठभेदांवर चर्चा करत होते. १९१२ ते १९१८ त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. पु. वि. बापट आणि ना. के. भागवत यांच्यासारखे पालीचे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळण्यातही त्यांचा वाटा होता. हार्वर्डच्या फेऱ्या पुढेही झाल्या. तिथे असताना ते रशियन शिकले आणि १९२९ साली, पन्नाशी उलटल्यावर, लेनिनग्राडला पाली शिकवायला गेले. परत आल्यावर शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगवास भोगला. ४ जून १९४७ रोजी, स्वेच्छेने अन्नत्याग करून, सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला.

‘विसुद्धिमग्ग’ची हार्वर्डची रोमन लिपीतली आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० साली निघाली. पण त्याआधीच, १९४० साली, त्यांनी तोच ग्रंथ मुंबईत देवनागरीत छापून घेतला होता. हे आम्हाला त्यांच्या आयुष्यातले फार मोठे काम वाटते. ज्या ग्रंथासाठी त्यांना सिंहली आणि बर्मी अक्षरे गिरवावी लागली, तो आता देवनागरी वाचणारे कोणतेही मूल हातात घेऊन निदान मोठ्याने वाचू शकत होते.

आता आपल्या घरांकडे वळू. आपली मुले घरात मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी, चौकात हिंदी. नवी भाषा शिकताना मराठीचा काय उपयोग, असे काही पालकांना वाटते आणि मग ती मागे पडते. कोसंबींचे आयुष्य नेमके उलटे सांगते. जर्मन भाषेत तीन लिंगे आहेत. इंग्रजीतून तिकडे जाणारे मूल गोंधळते आणि हिंदीत दोनच लिंगे आहेत, पण ‘तो आंबा, ती चिंच, ते फळ’ म्हणणाऱ्या मुलाच्या मनात तिसरा कोनाडा तयारच असतो. प्रत्येक नामाचे लिंग त्यालाही पाठ करावेच लागेल, पण कल्पना नवी राहत नाही. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नामामागे प्रत्ययासारखे शब्द लागतात, अगदी आपल्यासारखे. जपानी अक्षरांचा क्रम तर अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमाला अभ्यासली, तिच्यावरून तो आला. आपली वर्णमाला येणाऱ्या मुलाला तो अर्धा ओळखीचाच वाटावा.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच. युक्त्या जरूर वापरा. शब्दांचे पाच-पाचचे गट करा, मुलांना मोठ्याने म्हणू द्या, सुलट-उलट म्हणू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. पण युक्ती म्हणजे दोरी, आणि दोरी बांधायला खुंटी लागते. ती खुंटी म्हणजे मुलाला पक्की येणारी भाषा. ती घट्ट बसवण्याचे काम शिकवणीत होत नाही. ते घरात, जेवणाच्या ताटापाशी होते, आणि त्याला फी पडत नाही.